संयुक्त पथकात नाव आलंय? मग हे वाचा

अभिनंदन! महसूल, कृषी, ग्रामपंचायत, तीन खात्यांची तीन माणसं मिळून वाऱ्यात पडलेल्या बागांचा पंचनामा करायचा, म्हणजे काम किती सोपं. परवाच्या वळवानंतर मी पण अशाच एका पथकात होतो, म्हणून चार युक्त्या सांगतो.

आधी व्हॉट्सॲप ग्रुप काढा. पंचनामा मागाहून झाला तरी चालतो. साहेबांचा मेसेज पडला की अंगठा द्यायचा, न वाचता.

'आधी तुमच्या खात्याचं होऊ दे' हे पाठच करा.

फोन उचलू नका. रेंज नव्हती म्हणा, आपल्याकडे कोण शंका घेणार.

तक्ते जुळवू नका. एकाला हेक्टर-आर हवेत, दुसऱ्याला झाडं, तिसऱ्याला घर नंबर. एकाच गडग्याच्या कुंपणात आंबा, नारळ, पोफळी, वर मिरवेल, त्याचे आर काढत बसायचं कोणी? निसर्ग वादळानंतर 2020 ला नारळ-सुपारीची मदत शेवटी झाडामागेच द्यावी लागली, पण तक्ता आपला तोच. नुकसान 33 टक्क्यांच्या वर की खाली, ज्यावर मदत मिळणार की नाही ते ठरतं, हे पण दुसऱ्या खात्याने लिहावं, आपण फक्त मान हलवायची. आणि सातबारा सामायिक असला तर मज्जाच, निम्मे हिस्सेदार मुंबईला, संमतीपत्र आणा म्हटलं की पुढचे दोन महिने आपण मोकळे.

आणि पथक उशिराच न्या. आम्ही पोचलो तर बागवाल्या काकींनी पडलेलं कलमाचं झाड तोडून बाजूला केलेलं. लगेच आमच्यातला एक म्हणतो, झाड कुठाय, पंचनाम्याआधी हलवलंत का? काकी म्हणाल्या, "झाड कौलांर पडला, तसाच ठेवन आमी निजाचा खय?" यावर तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत, मग हा म्हणतो हे कृषीचं, तो म्हणतो घराचं म्हणजे ग्रामपंचायतीचं, आणि कागद न भरता सगळे गाडीत. अरे, बुंधा तिथेच होता ना! भुसा अजून ओला होता, फुटलेल्या कौलांचा ढीग पडवीत होता, मुलाने मोबाईलवर काढलेले फोटो त्या दाखवत होत्या, ते बघायला पण कोणी वाकलं नाही. पगार तिघांचा एकाच सरकारी तिजोरीतून येतो, मग कसलं तुझं खातं आणि माझं खातं? लाज वाटत नाही?

परत जाल तेव्हा तिघं एकाच गाडीतून जा, टेप न्या, आणि तिथेच पडवीत बसून सह्या करा. त्या बाईला कागदासाठी पुन्हा तालुक्याला हेलपाटा घालायला लावू नका.