जहाज कुठल्या दिशेला चाललं होतं?

‘ब्रिटिश संसदेत भारताची खरडपट्टी’ किंवा ‘ब्रिटिश खासदाराने भारताची बाजू घेतली’ अशी एखादी क्लिप दर दोन महिन्यांनी आपल्या ग्रुपवर येऊन पडते. बहुतेक वेळा ती वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या, म्हणजे मुख्य सभागृहाबाहेर होणाऱ्या चर्चेची असते. 8 मार्च 2021 ला शेतकरी आंदोलनावर झालेली चर्चा तिथलीच. दीड तास, एका ई-याचिकेवर. अशा चर्चेतून सरकारला बांधील असा कुठलाही ठराव निघत नाही. तरी आपल्याकडे दोन्ही बाजूंनी फटाके वाजतात.

परराष्ट्र धोरणावर खासदाराने काय काम केलं हे पाहायचं तर मी भाषणं बाजूला ठेवून आधी त्याने मंत्र्यांना विचारलेले लेखी प्रश्न बघेन. त्याचा वस्तुपाठ म्हणजे टॅम डिएल. (स्पेलिंग पाहून ‘डॅलियेल’ म्हणावंसं वाटतं, पण उच्चार डिएल.) मजूर पक्षाचा हा स्कॉटिश खासदार 1962 ते 2005 सभागृहात होता. फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिनाशी झालेल्या युद्धाला विरोध केला म्हणून 1982 मध्ये स्वतःच्याच पक्षाने त्याला विज्ञानविषयक प्रवक्तेपदावरून काढलं. मग तो ‘जनरल बेलग्रानो’ या जहाजाच्या प्रकरणामागे लागला.

2 मे 1982. ‘कॉन्करर’ या ब्रिटिश पाणबुडीने ही अर्जेंटिनी युद्धनौका बुडवली. 323 माणसं गेली. ब्रिटनने 200 सागरी मैलांचं निषिद्ध क्षेत्र जाहीर केलेलं होतं आणि जहाज त्याच्या बाहेर होतं. 4 मे ला संरक्षणमंत्री जॉन नॉट यांनी सभागृहात सांगितलं की ते आपल्या ताफ्याच्या दिशेने येत होतं. डिसेंबरच्या श्वेतपत्रिकेत जहाज दिसल्याची तारीख पडली 2 मे.

यावर तावातावाने भाषण ठोकणं सोपं होतं, आणि मंत्र्यालाही ते सोयीचं. भाषणाला भाषणाने उत्तर देता येतं. डिएलने प्रश्नांचे तुकडे केले. पाणबुडीला जहाज पहिल्यांदा दिसलं कधी? त्याने दिशा बदलली कधी? टॉर्पेडो सुटला तेव्हा ते कुठे चाललं होतं? तुकडे करण्यामागे नियमाचं कारण आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, तोच प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा विचारता येत नाही. पाच गोष्टी एका प्रश्नात कोंबल्या की मंत्री त्यातल्या सर्वांत सोप्या गोष्टीचं उत्तर देतो आणि उरलेल्या चारही दारं बंद होतात. एका प्रश्नात एकच तपशील आणि तोही मोजता येईल असा, म्हणजे वेळ, अंतर, दिशा. आता उत्तर टाळलं तर टाळल्याची नोंद संसदेच्या दप्तरात राहते, आणि दिलं तर ते आधीच्या उत्तराशेजारी ठेवून पाहता येतं.

आपल्या लोकसभेतल्या अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराच्या प्रश्नांना हेच लागू आहे. दिवसाला 230 असतात. वाचतो कोण?

डिएलला मिळालेली उत्तरंही एकमेकांशी जुळेनात. एप्रिल 1984 मध्ये पंतप्रधान थॅचरबाईंच्या पत्रातून मान्य झालं की जहाज 1 मे लाच दिसलं होतं. पुढे हेही उघड झालं की बुडण्याआधी सुमारे 11 तास ते फॉकलंडपासून दूर, मायदेशाकडे चाललं होतं. जुलैमध्ये संरक्षण खात्यातला वरिष्ठ अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग याने डिएलला निनावी पाकिटातून दोन कागद पाठवले. त्यातला एक होता पाँटिंगने स्वतः तयार केलेला, मंत्र्यांनी न वापरलेला उत्तराचा मसुदा.

डिएलने ते कागद परराष्ट्र व्यवहार समितीच्या अध्यक्षांकडे दिले. अध्यक्ष सत्ताधारी हुजूर पक्षाचे. त्यांनी ते सरळ संरक्षण खात्याला परत केले आणि पाँटिंग सापडला. संसदीय मार्ग नियमाने धरला तर फटका कोणाला बसतो, ते इथे दिसतं. गोपनीयतेच्या 1911 च्या कायद्याखाली खटला झाला. राज्याचं हित म्हणजे सत्तेवरच्या सरकारचं धोरण, असं न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावलं. ज्यूरीने फेब्रुवारी 1985 मध्ये पाँटिंगला निर्दोष सोडलं. सरकारने 1989 मध्ये कायदाच बदलला आणि सार्वजनिक हिताचा बचाव घेण्याची वाट बुजवली. मधल्या काळात पाणबुडीची एक नोंदवही गहाळ असल्याचंही निघालं.

आता डिएलच्या चाहत्यांना न आवडणारी गोष्ट. युद्ध थांबवण्यासाठी पेरू देशाने मांडलेली शांतता योजना उधळण्यासाठीच जहाज बुडवलं, हा त्याचा मोठा आरोप सिद्ध झाला नाही. निषिद्ध क्षेत्राबाहेरही धोका वाटला तर कारवाई करू, असा इशारा ब्रिटनने 23 एप्रिललाच अर्जेंटिनाला दिला होता. बुडालेल्या जहाजाच्या कप्तानानेही नंतर ती युद्धातली वैध कृती मानली. मलाही सरकारचं लष्करी समर्थन पटण्यासारखं वाटतं. मग तारीख आणि दिशा चुकीची का सांगितली? सभागृहात थॅचरबाईंना खोटारड्या म्हणून डिएल निलंबित होत राहिला तेव्हा मथळे झाले, पण त्या आरडाओरड्यातून नवा कागद एकही बाहेर आला नाही. कागद हलले ते चार शब्दांच्या प्रश्नांनी.

पुढची क्लिप आली की त्या खासदाराचं नाव हॅन्सर्डच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या अधिकृत इतिवृत्ताच्या, संकेतस्थळावर टाका. भाषण सभागृहात झालं की वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ते बघा, शेवटी मंत्री काय म्हणाला ते वाचा. मग त्याच विषयावर त्याचे लेखी प्रश्न संसदेच्या संकेतस्थळावर शोधा. एकही सापडला नाही, तर क्लिप कोणासाठी होती ते कळेल.