‘मा’ म्हणजे आईच? जरा थांबा

मातृदिन जवळ आला की एक ठरलेला संदेश फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘जगातल्या प्रत्येक भाषेत आईसाठी ‘मा’ हाच शब्द आहे. इंग्रजी मदर, लॅटिन मातेर, चिनी मा, सगळे संस्कृत ‘मातृ’तून निघाले. नवजात बाळच काय, गाईचे वासरूसुद्धा पहिल्यांदा ‘मा’ म्हणते, कारण संस्कृत ही निसर्गाची भाषा आहे. अभिमान असेल तर पुढे पाठवा.’ यंदा तो मला सात जणांनी पाठवला. त्यातल्या सहा जणांच्या घरी आईला ‘आई’ म्हणतात.

तिथूनच सुरुवात करू. ‘आई’त म कुठे आहे? गोव्यातल्या कोकणीत ‘आवय’ आहे, तिच्यातही नाही. आणि मराठी मूल ‘मामा’ म्हणते तेव्हा आई नव्हे, आईचा भाऊ वळून बघतो. आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर मुंबईतल्या एखाद्या उडुपी हॉटेलात गल्ल्यावर बसलेल्या तुळू बोलणाऱ्या मालकांना विचारा. तुळूत आई म्हणजे ‘अप्पे’ आणि बाप म्हणजे ‘अम्मे’. शेजारच्या कन्नडच्या बरोब्बर उलटे.

जॉर्जियात तर ‘मामा’ म्हणजे बाप. आईला तिथे ‘देदा’ म्हणतात. मातृभाषा ती ‘देदा एना’, राजधानी ती ‘देदाकालाकी’, म्हणजे आई-शहर. तिबिलिसीच्या टेकडीवर एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात मद्याचा प्याला घेतलेली जी उंच स्त्री उभी आहे, तिचे नाव ‘कार्तलिस देदा’. मध्य ऑस्ट्रेलियातल्या पित्यंत्यत्यारा भाषेतही ‘मामा’ म्हणजे बापच. जपानीत आई ‘हाहा’ आणि बाप ‘चिची’. त्यातल्या ‘ह’चा उच्चार प्राचीन काळी ‘प’ होता असे अभ्यासक मानतात, म्हणजे जपानी आई एकेकाळी ‘पापा’ होती! ‘प्रत्येक भाषेत’ हे शब्द इथेच निकालात निघतात.

आता चिनी. मंदारिनमध्ये ‘मा’ म्हणजे आई हे खरे, पण फक्त सूर उंच आणि सपाट ठेवला तर. सूर चढवला की ताग, खाली नेऊन वर आणला की घोडा, झटकन खाली टाकला की शिवी देणे. आणि वाक्याच्या शेवटी हलकेच उच्चारलेला ‘मा’ म्हणजे आपला प्रश्नार्थक ‘का?’. व्हिएतनामीत सूर सहा. तिथे सपाट ‘मा’ म्हणजे भूत, आणि इतर सुरांत तोच ‘मा’ घोडा, थडगे, भाताचे रोप होतो. दक्षिणेत एका सुरात आईही. अशा भाषेतून एक अर्थ उचलून बाकीचे पदराआड लपवायचे, याला पुरावा म्हणत नाहीत.

सूर सोडले तरी हेच. फारसीत ‘मा’ म्हणजे आम्ही, इटालियनमध्ये पण, हंगेरियनमध्ये आज, एस्टोनियनमध्ये मी. अरबीत ‘काय’ही आणि ‘नाही’ही. आणि लग्नपत्रिकेत? ‘मा. आमदार’. तिथे आई शोधणारा अजून मला भेटलेला नाही.

संदेशातला दुसरा दावा जास्त नीट तपासण्यासारखा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. मातृ, मातेर, मदर, फारसी मादर यांचे नाते खरेच आहे. 1786 साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य दाखवले. पण ते म्हणाले काय? या भाषा एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज अस्तित्वातच नाही. म्हणजे संस्कृत या भाषांची आई नव्हे, बहीण.

हे कशावरून? एक छोटा पुरावा. संस्कृत ‘च’, म्हणजे आणि, याचे लॅटिन भावंड ‘क्वे’. ‘पञ्च’चे भावंड ‘क्विंक्वे’. मुळातल्या ‘क’सारख्या ध्वनीचा संस्कृतात ‘च’ होतो तो ‘इ’ किंवा ‘ए’सारख्या स्वरापुढे, ‘अ’पुढे होत नाही. मग ‘च’मध्ये पुढे ‘अ’ असताना झाला कसा? कारण तिथे पूर्वी ‘ए’ होता. त्याने आधी ‘क’चा ‘च’ केला आणि मग स्वतः ‘अ’मध्ये विरून गेला. लॅटिनने तो ‘ए’ जपला, संस्कृतने गमावला. 1870 च्या दशकात ही गोष्ट अनेक अभ्यासकांच्या जवळपास एकाच वेळी ध्यानात आली. लेकीकडे जुना दागिना आहे आणि आईकडे त्याची फक्त खूण उरली आहे, पण लेकीला तो आईनेच घडवून दिला, असे तर होत नाही ना? संस्कृतने इतर अनेक बाबतींत सगळ्यांहून जुने रूप टिकवले आहे, यात शंका नाही. त्याचा अभिमान जरूर बाळगावा.

चिनी ‘मा’ आणि द्रविड ‘अम्मा’ मात्र या कुटुंबातच नाहीत. मग आवाज का जुळतो? इथे बाळ येते. मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने जगभरच्या भाषांतून आईबापांसाठीचे 1072 शब्द गोळा केले होते. त्यांच्या आधारे रोमन याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञाने दाखवले की आईच्या शब्दांपैकी 55 टक्क्यांत म, न असे अनुनासिक ध्वनी आहेत, बापाच्या शब्दांत फक्त 15 टक्के. कल खरा आहे, कारण साधे आहे: ओठ मिटून नाकातून काढलेला आवाज तान्ह्याला सोपा, आणि तोंड स्तनाला लागलेले असताना तेवढाच निघू शकतो. बाळ कुणाला हाक मारत नसते. भुकेचे कुरकुरणे असते ते. त्याला शब्द करतो आपण मोठे, आणि बहुतेक ठिकाणी आधी धावणारी आई ते स्वतःचे नाव समजते. जॉर्जियात बापाने समजले, एवढेच. उरलेल्या 45 टक्के शब्दांबद्दल संदेश गप्प आहे.

वासराचे फार लावून धरू नये. आपल्याला गाय ‘हम्मा’ म्हणताना ऐकू येते, इंग्रजांना ‘मू’.

राहिले खुद्द संस्कृत. तिथे सुटा ‘मा’ म्हणजे सर्वात आधी काय? ‘नको’! ‘मा फलेषु कदाचन’ आपण शाळेत घोकले आहे. त्या एका श्लोकात हा ‘मा’ तीनदा येतो आणि तिन्ही वेळा नको म्हणतो. ग्रीकमधला ‘मे’ हा त्याचा सख्खा नातलग, तोही नकारच. तुर्कीतही क्रियापदाला ‘मा’ लावून नकार होतो, पण त्याचे याच्याशी काही नाते नाही. नुसते सारखे ऐकू येण्यावर नाते ठरवले तर असे फसायला होते. ‘मा’ म्हणजे लक्ष्मीही, म्हणून विष्णू माधव. ‘मा’ हा मोजण्याचा धातूही, त्यातून मात्रा आणि मान. ज्ञानेश्वरीत तर ‘मा’ हे ‘मग’, ‘तर’ अशा अर्थाचे अव्यय आहे. आईसाठी संस्कृताचा नेहमीचा शब्द ‘मातृ’, आणि हाक मारताना ‘अम्ब’.

संदेशाच्या शेवटी पुढे पाठवण्याची विनंती होती, म्हणून सातही जणांना मी संस्कृतातच उत्तर दिले: मा प्रेषय. सहा जणांनी हात जोडलेला इमोजी पाठवला. सातव्याने विचारले, आईने काय पाठवायचे?