चाचणीत पास, म्हणजे डोकं थंड?

पोलिसाच्या मारहाणीचा व्हिडिओ आला की मागोमाग एक मेसेज फिरतो: ‘अमेरिकेत व्यक्तिमत्त्व चाचणी पास झाल्याशिवाय वर्दी मिळत नाही. ती हिंसक माणूस अचूक ओळखते, तिला फसवता येत नाही. आपल्याकडेही लावा, प्रश्न मिटला.’

‘पास झाल्याशिवाय’: अर्धं खरं. तिथे देशभर एकच नियम नाही. बऱ्याच राज्यांत मानसिक तपासणी सक्तीची आहे. पण ती फक्त प्रश्नपत्रिका नसते. मानसशास्त्रज्ञ समोर बसवून बोलतो, मागचा इतिहास बघतो, मग मत देतो.

‘हिंसक माणूस ओळखते’: खरी गोची इथे. तिथे खूप वापरली जाणारी एमएमपीआय ही चाचणी हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी मिनेसोटा विद्यापीठात तयार केली, १९४३ च्या सुमारास, मनोरुग्णांच्या निदानासाठी. पोलीस भरतीत ती नंतर आली. आता साधं गणित करू. समजा, हजार उमेदवारांत २० खरंच धोकादायक आहेत आणि चाचणी धोकादायक आणि भले, दोघांनाही ९० टक्के अचूक ओळखते (एवढी उदार मी फक्त उदाहरणापुरती). १८ सापडतील, २ सुटतील आणि ९८ भले उमेदवार घरी जातील. बाद झालेल्या दर सहांतले पाच निर्दोष!

शिवाय ते विद्यापीठ ज्या मिनीआपोलिसात आहे, तिथेच २०२० मध्ये पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्याने जॉर्ज फ्लॉइड या माणसाचा जीव गेला. त्याच्या खुनाचा गुन्हा सिद्ध झालेला पोलीस डेरेक शॉविन २००१ पासून पोलिसात होता आणि त्याच्यावर डझनाहून जास्त तक्रारी नोंदलेल्या होत्या. एका उदाहरणाने चाचणी निकामी ठरत नाही, मान्य. पण भरतीच्या दिवशीच्या उत्तरांत १९ वर्षांनंतरचा माणूस कसा दिसणार? तक्रारी मात्र समोरच होत्या.

‘फसवता येत नाही’: नोकरी हवी असलेला माणूस स्वतःला साळसूदच दाखवणार. म्हणून तर चाचणीत खोटेपणा पकडणारे वेगळे प्रश्न घालावे लागले. आपले क्लासवाले तेही महिनाभरात पाठ करून घेतील. सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या एसएसबीच्या मानसिक चाचण्यांची तयारी करून देणारे क्लास आहेतच की.

‘आपल्याकडेही लावा’: राज्यात पोलीस शिपाई भरतीला मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची. २०२४ च्या भरतीत १७ हजारांवर जागा होत्या, अर्ज १७ लाखांवर. निवड झालेल्यांनाच बसवायचं म्हटलं, तरी १७ हजार मुलाखती घ्यायला मानसशास्त्रज्ञ कुठून आणायचे, ते मेसेजमध्ये लिहिलेलं नाही.