‘अँक्शस’ म्हणजे उत्सुक, म्हणून अँग्झायटी हा आजारच नव्हे?

‘अँग्झायटी या शब्दामागचं सत्य’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या फिरतो आहे. परवा तो भाचीने पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: ‘मावशी, मग मी गोळी बंद करू का?’ त्या ओळीमुळे हे लिहायला बसले. एरवी शब्दांच्या चुकीच्या व्युत्पत्त्या रोज फिरतात, कुणाकुणाला उत्तर द्यायचं!

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. हा शब्द औषध कंपन्यांनी गेल्या चाळीस वर्षांत बनवला. त्याचं विशेषण ‘अँक्शस’, त्याचा खरा अर्थ उत्सुक, तेव्हा अँग्झायटी म्हणजे निव्वळ अति उत्सुकता. भीती, ताण, पॅनिक, डिप्रेशन ही सगळी त्याचीच नावं. मराठीत याला शब्द नाही, म्हणजे हा आपला आजारच नाही. आणि शेवटी उपाय: गोळ्या आजच थांबवा, दहा खोल श्वास भराभर घ्या आणि हा शब्द तोंडातून काढणं सोडा.

पहिला मुद्दा एका कोशाने निकालात निघतो. सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी कोश १७५५ सालचा. त्यात अँग्झायटीचे दोन अर्थ वेगवेगळे दिले आहेत. एक, पुढे घडणाऱ्या गोष्टीविषयी मनाला लागलेला घोर, अनिश्चिततेतली बेचैनी. दुसरा अर्थ ‘वैद्यकीय भाषेत’ असं स्पष्ट म्हणून दिला आहे: खचलेलं मन आणि त्यासोबत पोटातली अस्वस्थता. म्हणजे दैनंदिन अर्थ आणि डॉक्टरांचा अर्थ हा फरक जवळजवळ पावणेतीनशे वर्षं जुना आहे, आणि ‘पोटात गोळा आला’ हे आपण म्हणतो तेही त्या कोशकाराला ठाऊक होतं. शब्द त्याहूनही जुना, सोळाव्या शतकापासून इंग्रजीत आहे. तो लॅटिनमधल्या ‘आंगेरे’ म्हणजे आवळणे, गळा दाबणे या क्रियापदाच्या घरातला. छातीत दुखण्याचा अँजायना, तीव्र दुःखाचा अँग्विश आणि जर्मन आंग्स्ट ही त्याचीच भावंडं. वेदातला ‘अंहस्’ हा शब्दही याच कुळातला. त्याचा अर्थ कोंडी, संकट, आणि पुढे पाप. ‘अंहु’ म्हणजे अरुंद. ज्याला छाती आवळल्यासारखी वाटते तो माणूस हा शब्द नकळत अगदी मुळातल्या अर्थाने वापरत असतो.

औषध कंपन्यांच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे ते नाइलाजाने मान्य करते. मन शांत करणाऱ्या गोळ्यांपैकी मेप्रोबामेट १९५५ मध्ये, क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये आणि डायझेपाम १९६३ मध्ये बाजारात आलं, आणि त्यांच्या जाहिरातींनी हा शब्द दवाखान्याबाहेर पसरवायला मोठा हातभार लावला. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘अँग्झायटी न्यूरोसिस’ हे जुनं निदान काढून पॅनिक डिसऑर्डर आणि जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर अशी दोन निदानं केली, हेही खरं. पण ज्या न्यूरोसिसची फोड झाली तिचं वर्णन मनोविश्लेषक फ्रॉइडने १८९५ सालीच जर्मनमध्ये केलं होतं. वर्गवारी बदलली म्हणून आजार त्या दिवशी जन्मला असं होत नाही.

आता तो उत्सुकतेचा मुद्दा. सगळा मजकूर याच्यावर उभा आहे आणि नेमकं हेच सर्वांत पोकळ आहे.

‘अँक्शस’चा ‘उत्सुक’ हा अर्थ खोटा नाही. अठराव्या शतकापासून तो इंग्रजीत चालत आला आहे. पण तो मूळ अर्थ नाही, नंतर फुटलेली फांदी आहे, आणि कुठे कोणता अर्थ घ्यायचा ते शेजारचा शब्द सांगतो. ‘शी इज अँक्शस अबाउट द रिझल्ट’ म्हणजे तिला निकालाची धास्ती आहे. ‘शी इज अँक्शस टू सी द रिझल्ट’ म्हणजे निकाल बघायला ती अधीर झाली आहे. मधला एक शब्द बदलला आणि धास्तीची अधीरता झाली. ‘फॉर’ आला तर आणखी जपून वाचावं लागतं. ‘अँक्शस फॉर हर सन’ म्हणजे मुलाची काळजी लागली आहे, ‘अँक्शस फॉर न्यूज’ म्हणजे बातमीकडे डोळे लागले आहेत. माणसापुढे ‘फॉर’ आला की बहुधा काळजी, हव्या असलेल्या वस्तूपुढे आला की ओढ. आणि ‘अँक्शस वेट’ (वाट पाहणं) असं थेट नामाला चिकटलं की जीव टांगणीला लागलेला असतो, तिथे उत्सुकता शोधू नये.

नामाचंही तसंच. ‘इन हिज अँग्झायटी टू प्लीज’ असं वाक्य इंग्रजीत येतं, म्हणजे समोरच्याला खूश करण्याच्या धडपडीत. इथे अँग्झायटीचा अर्थ उत्सुकतेकडे झुकतो, पण मागे ‘टू’ आणि क्रियापद असतं तेव्हाच. शिवाय तिथेही काळजी पुरती गेलेली नसते. खूश करायची धडपड करणाऱ्याला समोरचा नाखूश होईल याचाच घोर असतो.

पारख करायची सोपी रीत आहे. त्या जागी ‘ईगर’ म्हणजे निव्वळ उत्सुक हा शब्द ठेवून बघा. ‘ईगर टू सी’ बसतं. ‘ईगर अबाउट द रिझल्ट’ म्हटलं की वाक्य उलटंच बोलायला लागतं, धास्तावलेली मुलगी खूश दिसू लागते. आणि चिठ्ठीवरच्या निदानात ‘ईगरनेस डिसऑर्डर’ लिहून बघितलं तर काहीच अर्थ उरत नाही. आपल्याच भाषेत बघा ना. चिंता हा शब्द ‘विचार करणे’ या अर्थाच्या धातूवरून आला. चिंतन त्यातलंच, हितचिंतक त्यातलाच, ‘चिंता करितो विश्वाची’ मधली चिंताही तीच. म्हणून हितचिंतक हा चिंतेने पोखरलेला माणूस ठरतो का? किंवा चिंतन करता येतं म्हणून चिंतेने झोप उडालेल्याला ‘तू नुसता विचार करतोयस’ असं सांगायचं का? एका अर्थाने दुसरा खोडायचा हा प्रकार मराठीत कुणी केला असता तर आपण लगेच अडवलं असतं. इंग्रजी शब्द आहे म्हणून खपून गेला.

भीती, ताण, पॅनिक, डिप्रेशन एकच, हा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. भीतीला समोर काहीतरी असतं, अँग्झायटी पुढच्या ‘जर-तर’ला चिकटते, ताण म्हणजे अंगावर आलेलं ओझं, डिप्रेशनमध्ये मन खचतं नाहीतर कशातच गोडी वाटेनाशी होते. पॅनिक अटॅक ही अचानक उसळणारी लाट, काही मिनिटांत शिगेला पोचणारी, आणि तेरापैकी किमान चार लक्षणं असली तर तिला ते नाव मिळतं. आपण सर्रास ‘अँग्झायटी अटॅक’ म्हणतो, पण निदान-पुस्तिकेत त्या नावाचं निदान नाही.

मराठीत शब्द नाही म्हणे! घोर, धास्ती, धाकधूक, घालमेल, हुरहूर, तगमग, काळजी. एकच शब्द सगळीकडे पुरत नाही, एवढं खरं आहे. परीक्षेआधीची धाकधूक वेगळी, घरचं माणूस रात्री परतलं नाही की लागतो तो घोर वेगळा, आणि महिनोन्‌महिने उतरत नाही तो चिंताविकार वेगळा. त्यात ‘काळजी’ला दोन तोंडं. ‘काळजी करू नको’ आणि ‘काळजी घे’ एका दमात म्हणतो आपण. भाषांतर करणाऱ्याला वाक्य बघून शब्द निवडावा लागतो, यापलीकडे त्यातून काही सिद्ध होत नाही.

राहिला तो शेवटचा मुद्दा, ज्याने माणसाला इजा होऊ शकते.

निदानात ‘अँग्झायटी’च्या पुढे ‘डिसऑर्डर’ हा शब्द असतो आणि सगळं वजन त्याच्यावर आहे. जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर म्हणायला किमान सहा महिने, बहुतेक दिवस, अनेक गोष्टींबद्दल अवाजवी काळजी असावी लागते आणि ती आवरता येत नसावी लागते. सोबत सहापैकी किमान तीन लक्षणं हवीत: बेचैनी, लवकर थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं. मुलांमध्ये एक पुरतं. त्यामुळे रोजचं काम किंवा नाती अडायला हवीत, नाहीतर त्रास तरी तेवढा मोठा हवा. आणि थायरॉइड वाढल्यामुळे किंवा एखाद्या औषधामुळे हे होत नाही ना, हे आधी बघायचं असतं. सात प्रश्नांची एक चाचणीही फिरते, एकवीस गुणांची. ती गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. दहा किंवा जास्त गुण आले तर तपासून घ्या, इतकंच ती सांगते. निदान करत नाही.

गोळ्यांबद्दल. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन या जातीच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. त्या एकदम सोडल्या तर काही दिवसांतच चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपमोड आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊ शकतं. माणसाला वाटतं आजार उलटला, किंवा गोळीनेच घात केला. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम यांचं तर याहून गंभीर. रोज काही आठवडे घेतलेली अशी गोळी एका दिवसात थांबवली तर दुप्पट घालमेल, थरथर, निद्रानाश आणि कधी फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली या गटाच्या वेष्टनावरचा चौकटीतला इशारा याच कारणासाठी कडक केला. या गोळ्या उतरवायच्या असतात, टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्पा डॉक्टरांनी ठरवायचा असतो. ‘आजच थांबवा’ हे लिहिणाऱ्याला वाचणारा कोणती गोळी, किती दिवस घेतोय, काहीच माहीत नाही.

भराभर दहा खोल श्वास हाही चुकीचा सल्ला. तसं केल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं, आणि आधीच घाबरलेल्याला वाटतं आता हृदयच बंद पडतंय. श्वासाने थोडा आराम मिळतो, पण सावकाश घेतला तर: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, सोडणं घेण्यापेक्षा लांब. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर मात्र मोजत बसू नका, आधी दवाखाना गाठा.

भाचीला कळवलंय: गोळी आहे तशीच चालू ठेव. पुढच्या तपासणीला जाताना हा मजकूर सोबत ने आणि डॉक्टरांना दोनच प्रश्न विचार, डोस कधी कमी करायचा आणि किती-किती करत.