‘काचच आहे, पुसली की झालं’ : आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या फोटो-दुरुस्तीच्या दुकानाला तुम्ही एक तारा देऊन परीक्षण लिहिलंत, ते वाचलं. म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या फोटोंचं काम नीट झालं, पण मॉनिटरला बोट लागलं म्हणून आमची सहकारी तुमच्यावर चारचौघांत ओरडली. ‘काचच आहे, पुसली की झालं, एवढा काय हिऱ्याचा मॉनिटर लागून गेलाय?’ असंही तुम्ही विचारलंत. शिवाय आम्ही स्वतः त्याच स्क्रीनवर एक यंत्र लटकवतो ते कसं चालतं, आणि दोनदा फोन करूनही कुणी उचलला का नाही.

फोनचं आधी. सायलेंटवर राहिला होता. चूक आमची, सबब नाही.

ओरडणंही चूकच. मी आतल्या खोलीत होतो आणि दार लावलेलं असूनही ‘बोट! बोट!’ मला स्पष्ट ऐकू आलं, म्हणजे समोर बसलेल्या माणसाला ते कसं लागलं असेल याची कल्पना आहे. मी माफी मागतो, तिनंही मागितली आहे. तिच्या बाजूनं एवढंच सांगतो की त्या दिवसातलं ते चौथं बोट होतं. आधीच्या तिघांना ती हसून ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणाली होती आणि सगळं साठलेलं तुमच्या वाट्याला आलं.

पण ‘काचच आहे’ हे मी तसंच सोडून देऊ शकत नाही, कारण ती काच नाही. निदान तुमचं बोट जिथं टेकलं तिथं तरी नाही. मोबाइलला वरून कडक काच असते, ती बोटासाठीच बनवलेली, वर तेलकटपणा फारसा चिकटू नये म्हणून लेपही दिलेला. आमच्या मॉनिटरची रचना निराळी. आत दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये द्रव स्फटिकांचा थर, तो जेमतेम काही मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसाच्या जाडीपुढे अगदीच नगण्य. बाहेरच्या काचेवर प्लास्टिकची पोलरायझर फिल्म, म्हणजे प्रकाश गाळणारा पातळ पापुद्रा, आणि तिचा पृष्ठभाग मुद्दाम बारीक खरखरीत ठेवलेला, म्हणजे खिडकीचा उजेड त्यावर चकाकत नाही, विखुरतो. बोटावरचं तेल नेमकं त्या खरखरीत जाऊन बसतं आणि तेवढाच ठिपका गुळगुळीत होऊन चमकायला लागतो. फोटो उजळ असेल तर लक्षातही येत नाही. सावलीचा भाग असला, काळपट करडा, की तो ठसा भुतासारखा वर येतो.

जोरानं दाबलं तर रंग पाण्यासारखे हलताना दिसतात ते स्फटिकांची मांडणी विस्कटते म्हणून. बहुतेक वेळा क्षणात पूर्ववत होतं, फार जोर लागला तर फिकट डाग कायमचा राहू शकतो. तुम्ही दाबलं नव्हतंत, नुसतं टेकवलं होतंत. त्यानं मॉनिटर मोडला नाही आणि मोडणारही नव्हता, हे इथं स्पष्ट लिहितो. नखानं किंवा बॉलपेनच्या टोकानं दाखवणाऱ्यांबद्दल मात्र माझं मन इतकं मोठं नाही.

आता ‘पुसली की झालं’. आम्ही कसं पुसतो ते सांगतो, मग ठरवा. मॉनिटर बंद करायचा, कारण काळ्या स्क्रीनवरच ठसा नीट दिसतो. मायक्रोफायबरचं स्वच्छ फडकं डिस्टिल्ड पाण्यानं किंचित ओलसर करायचं. पाणी फडक्यावर, स्क्रीनवर कधीच नाही, नाहीतर ओघळ खालच्या कडेतून आत उतरतो. मग जोर न लावता पुसायचं, कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसायचं आणि वाळेपर्यंत थांबायचं. शर्टाची बाही चालत नाही, कागदी रुमाल चालत नाही, खिडक्यांसाठीचा अमोनिया असलेला फवारा तर मुळीच नाही, त्यानं वरचा थर खराब होऊ शकतो. आणि एवढी काळजी घेऊनही प्रत्येक पुसणं म्हणजे त्या फिल्मवर थोडंसं घासणंच.

तेही चालवून घेतलं असतं. खरा त्रास निराळाच आहे. आमचा मॉनिटर म्हणजे आमची मोजपट्टी. एकदा मी एका फोटोतल्या आकाशातला एक मळकट डाग काढत बसलो होतो. ब्रश फिरवला, डाग जाईना. दुसरं टूल घेतलं, तरी जाईना. झूम करायला गेलो तेव्हा आकाश मोठं झालं आणि डाग होता तेवढाच, होता तिथंच! कुणाचं तरी बोट होतं ते. तेवढ्या वेळात चांगल्या आकाशाची मी वाट लावली होती, ती परत आणण्यात दुपार गेली. तेव्हापासून संशय आला की आम्ही आधी फोटो सरकवून बघतो. फोटोबरोबर सरकला तर डाग फोटोतला, जागेवर राहिला तर कुणा पाहुण्याचा.

ते लटकवलेलं यंत्र म्हणजे कलरीमीटर. मॉनिटर पडद्यावर जो लाल रंग दाखवतो तो खरंच ठरलेला लाल आहे का, हे ते मोजतं. मागच्या बाजूला वजन सोडून ते अलगद टेकवून ठेवतात, स्क्रीनला लागणारा भाग मऊ असतो आणि लावण्याआधी आम्ही तो पुसतो. त्याच्या खाली ठसा असेल तर मापही बिघडतं. तेव्हा यंत्राला परवानगी आणि ग्राहकाला बंदी हा तुम्हाला वाटला तसा दुजाभाव नाही.

बोट आपोआप पुढं जातं हे मला कळतं. लहानपणी अक्षरावर बोट ठेवूनच वाचायला शिकलो आपण सगळे, आणि आता हातातला फोन दिवसभर बोटच मागत असतो. 1983 साली ‘एचपी’नं एक संगणक आणला होता, त्याच्या स्क्रीनच्या चौकटीतून अवरक्त किरणांचं जाळं जायचं आणि बोटानं किरण अडला की जागा कळायची, काचेला टेकायचीही गरज नव्हती. तशी सोय आज माझ्या टेबलावर असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आणि कबुली द्यायची तर पूर्ण देतो. मध्यंतरी एका कचेरीत माझं नाव चुकीचं टाइप झालं होतं, ते दाखवताना मी समोरच्या बाईंच्या मॉनिटरवर बोट टेकवलं. हो, मीच. त्या काही बोलल्या नाहीत. ड्रॉवरमधून फडकं काढलं, पुसलं, घडी करून परत ठेवलं. ओरडल्या असत्या तर कमी लाज वाटली असती.

तुमच्या परीक्षणानंतर आम्ही बसण्याची मांडणी बदलली. आधी ग्राहक सहकाऱ्याच्या खांद्याशी अर्धवट वळून बसायचा, हातात काहीच नाही, मग दाखवणार तरी कशानं? आता ग्राहकासमोर स्वतंत्र मॉनिटर आहे, तेच चित्र त्यावर दिसतं, सोबत वेगळा माउस आणि मोठा केलेला कर्सर. तो मॉनिटर जुना आहे, त्याला बोट लावलं तरी कुणी हूं की चूं करणार नाही. त्याहून उपयोगी पडली ती साधी कागदी प्रत. कच्ची प्रिंट आणि पेन्सिल देतो, लोक गोल करून देतात, बाजूला दोन शब्द लिहितात, आणि तोंडी सूचनांपेक्षा त्या कितीतरी नेमक्या निघतात. ‘हात लावू नये’ अशी पाटी लावायचंही डोक्यात आलं होतं. लावली नाही, उगाच संग्रहालयात आल्यासारखं वाटलं असतं.

एक गोष्ट तुम्ही परीक्षणात ओझरती लिहिलीत, पण माझ्या मते भांडणाचं मूळ तिथंच आहे. सहकारी बुरशीचे ठिपके काढत होती आणि हनुवटीजवळचा एक ठिपका काढणार तेवढ्यात तुम्ही ‘अहो, तो तीळ आहे!’ म्हणत बोट पुढं केलंत. ती ओरडली ती त्याच क्षणी. म्हणजे दोघंही एकाच वेळी काहीतरी वाचवायला धावला होतात. तुमचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही मूळ स्कॅन पुन्हा मोठा करून पाहिला. बुरशीचे ठिपके कडेला पसरट आणि पिवळसर आहेत, हा गोल आणि गडद आहे. तीळच आहे तो.

तारा बदला असं मी म्हणणार नाही. तुम्ही सांगितलेली मोठ्या आकारातली प्रत तयार आहे, तीळ जागच्या जागी ठेवला आहे. छापण्याआधी एकदा नजरेखालून घाला म्हणजे बरं. बसायला आता उजवीकडची खुर्ची, माउस तिथंच आहे.