उजेड महाग कसा करावा

बल्ब स्वस्त झाले ही आपल्यासारख्या लोकांची मोठीच पंचाईत होऊन बसली आहे. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पांढऱ्या उजेडाला लागणाऱ्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं, २०१५ च्या जानेवारीत आपल्याकडे स्वस्त एलईडी बल्ब वाटणारी सरकारी उजाला योजना आली, आणि पाहता पाहता जुन्या ६० वॅटच्या बल्बएवढा उजेड ९ वॅटमधे पडायला लागला, तोही शंभर-सव्वाशेत. आता सांगा, असल्या उजेडाचं पाहुण्यांसमोर कौतुक काय करायचं? पण टेन्शन घेऊ नका. आपल्या नागपुरात बेसा, मनीषनगरात नवा फ्लॅट घेतला असेल, नाहीतर महालातलं जुनं घर पाडून-फोडून नवं करून राहिले असाल, तर हाच स्वस्त उजेड पाहिजे तेवढा महाग करता येते, फक्त काम जरा पद्धतशीर झालं पाहिजे.

सगळ्यात आधी माणूस निवडा. लायसन्स आहे का असं विचारून कोणाचा अपमान करू नका. लायसन्सवाला आला की आधी मेन बोर्ड उघडते, मंजूर लोड किती आहे विचारते, एसी किती लावणार, गीझर कुठे, इन्व्हर्टरवर काय काय घ्यायचं... एवढ्या चौकश्या तर आपल्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी नव्हत्या केल्या. त्यापेक्षा जो दारातूनच छताकडे एकदा पाहून "होऊन जाते भाऊ" म्हणते तो आपला माणूस.

मग रेट. तो पॉइंटमागे सांगेल, कोणी दीडशे म्हणेल, कोणी तीनशे, तुम्ही फक्त आकडा कमी करून घ्या आणि जिंकल्यासारखे घरी या. एका स्विचवर चार स्पॉट असले तर तो एक पॉइंट की चार, वायरसाठी भिंतीत झिरी मारली ती त्यातच की फुटावर वेगळी, झिरी बुजवायची कोणी, झुंबर टांगायचे पैसे कशात, हे आत्ता काढायचे विषयच नाहीत. हे सगळं हिशोबाच्या दिवशी निघते, आणि तेच बरं, कारण तोवर रंग झालेला असते, वास्तुपूजेच्या पत्रिका वाटून झालेल्या असतात आणि सासरची मंडळी अमरावतीहून निघालेली असतात. अशा दिवशी माणूस लवकर समजूतदार होते.

पुढची पायरी पीओपी, म्हणजे स्लॅबखालचं खोटं छत. लाईट कोणते घ्यायचे हे ठरायच्या आधी पीओपीवाल्याकडून छिद्रं पाडून घ्या. लाईटच्या डब्यावर कटआऊट किती इंचाचा ते छापलेलं असते, पण डबे वाचायला आपल्याजवळ वेळ कुठे आहे. मग बर्डीच्या बाजारातून हौसेनं आणलेला लाईट छिद्रातून सरळ खाली येते. पीओपीवाला म्हणते लाईटवाल्याले विचारा, लाईटवाला म्हणते पीओपीवाल्यानं वाट लावली, डिझायनर बाई म्हणतात मी तर थ्रीडीमधे बरोबर दाखवलं होतं. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, त्यामुळे तिघांनाही पैसे द्यावे लागतात.

कोव्ह लाईट तर पाहिजेच पाहिजे. म्हणजे काय, की पट्टी लपवायची, तिचा उजेड छतावर मारायचा, आणि छतावरून जे काही उरेल ते तुमच्यापर्यंत येईल. यात पट्टीपेक्षा ड्रायव्हर, म्हणजे तिला पाहिजे तशी वीज देणारी डबी महत्त्वाची, आणि तो अशा जागी कोंबून बंद करून टाका की पीओपी फोडल्याशिवाय हात पोचला नाही पाहिजे. आपल्या गावात २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ डिग्री झालं होतं. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापते, त्याच्या अन् पीओपीच्या मधल्या जागेत वारा नाही, आणि ड्रायव्हरच्या आत जो कपॅसिटर असते त्याला नेमकी गर्मीच सोसत नाही. एलईडी बिचारे शाबूत राहतात, ड्रायव्हर मरते. तो मेला की आधी लपलप करते, मग बंद, मग पीओपी फोडा, बदला, पॅच मारा, पॅचचा रंग जुन्या रंगाला मॅच होत नाही म्हणून अख्खा हॉल रंगवा. तीनशे-चारशेच्या डबीनं एवढा रोजगार निर्माण होते, सरकारी योजनेला जमलं नसतं.

थ्री-इन-वन लाईट अवश्य घ्या. एकदा बटन दाबलं की पांढरा, बंद करून परत दाबलं की पिवळा, परत दाबलं की मधला. दुकानात एकच लाईट लावून दाखवतात म्हणून फार छान वाटते. घरी आठ लावले, अन् पावसाच्या आधीच्या वादळात वीज दोनदा गेली-आली की त्यातले पाच पिवळे, दोन पांढरे आणि एक कोपऱ्यातला मधल्या रंगावर रुसून बसते. मग घरातलं शेंडेफळ बटनाजवळ उभं राहून खटखट करते आणि बाकीचे खालून "आता झाले, आता झाले, अरे परत गेला तो" करतात. करमणुकीचे पैसे वेगळे द्यावे लागत नाहीत, हे लक्षात घ्या.

आता एवढा खर्च झाल्यावर कुठेतरी हात आखडावाच लागते. तो आखडायची जागा म्हणजे जे दिसत नाही ते. वायर भिंतीत जाणार, तिले कोण पाहून राहिलं? लाईटला १.५ स्क्वेअर एमएम, प्लगला २.५, एसीला ४ असं जे कोणी सांगेल त्याला म्हणा, आमच्या वडिलांच्या घरी एकाच वायरवर सगळं चाललं. अर्थिंग म्हणजे जमिनीत पैसे पुरणं. करंट गळला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्विच तर मुळीच नको, त्याच्या पैशात पॅसेजमधे आणखी दोन स्पॉट येतात. आणि हो, मार्चमधे खिडकीला कूलर बसेल तेव्हा त्यात पाणी टाकताना पायात चप्पल घालायची, लेकराला "हात नको लावू" म्हणून ओरडायचं, बस. कूलरच्या करंटनं माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात छापून येतात, पण त्या बातमीत घरातलं झुंबर कसं होतं ते कधीच नसते, त्यावरून समजा महत्त्व कशाला आहे.

बिल पक्कं मागू नका, १८ टक्के जीएसटी वाचते. दोन वर्षांची वॉरंटी त्याच बिलावर असते, पण आपला दुकानदार ओळखीचाच आहे ना, तो काय नाही म्हणणार आहे का? (म्हणते.)

आणि झिरी बुजवायच्या आधी भिंतींचे फोटो चुकूनही काढू नका. मोबाईलमधे जागा लागते. वायर कुठून गेली ते इलेक्ट्रिशियनच्या डोक्यात असते, आणि तो सध्या दुसऱ्या साईटवर आहे. पुढे कधी आजोबांचा फोटो लावायला ड्रिल चालवलं, ते नेमकं वायरमधे घुसलं आणि अर्धं घर अंधारात गेलं, तर त्याला फोन लावा. तो म्हणेल, येऊन पाहावं लागेल भाऊ, पाहायचे वेगळे.