सरकार मालक आहे म्हणून डिव्हिडंड पक्का? तेल कंपन्यांच्या शेअरबद्दलच्या मेसेजला उत्तर

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मागच्या महिन्यात मला घरी बोलावलं. त्यांचा आयकर रिटर्न दरवर्षी मी भरून देतो, त्यामुळे पैशाचं काही निघालं की त्या आधी मला विचारतात. टेबलावर प्लास्टिकच्या पाकिटात बँकेची ठेव पावती काढून ठेवलेली होती, सहा लाखांची. शेजारी मोबाईल, त्यावर भाच्याने पाठवलेला मेसेज. "हे वाच रे, आणि सांग, उद्या जाऊन एफडी मोडू का?"

मेसेज मला आधी तीन ग्रुपवर येऊन गेला होता, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: एफडीच्या व्याजावर बसू नका, सरकारी तेल कंपन्यांचे शेअर घ्या. मालक सरकार आहे, त्यामुळे डिव्हिडंड (कंपनी नफ्यातून भागधारकांना देते तो वाटा) थांबूच शकत नाही. तेल महागलं की या कंपन्यांची चांदीच. एफडी सात टक्के देते, हे शेअर आठ-दहा देतात. भाव पडला तरी बिघडत नाही, आपल्याला विकायचेच नाहीत. आणि जगातल्या बड्या तेल कंपन्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर एकदाही डिव्हिडंड कापलेला नाही.

एकेक मुद्दा घेतो. पहिल्यावर जास्त वेळ घालवणार आहे, कारण बाकीचे सगळे त्याच्याच आधाराने उभे आहेत.

"मालक सरकार आहे, डिव्हिडंड थांबूच शकत नाही." थांबलेला आहे, आणि फार जुनी गोष्ट नाही. हिंदुस्तान पेट्रोलियमने 2022-23 या वर्षासाठी एक रुपयाही डिव्हिडंड दिला नाही. कुणाकडे तिचे 400 शेअर होते असं धरा. 2020-21 चा डिव्हिडंड शेअरमागे 22.75 रुपये होता, म्हणजे 9,100 रुपये. पुढच्या वर्षाचा 14 रुपये, म्हणजे 5,600. त्याच्या पुढच्या वर्षाचा शून्य. नंतर 2023-24 साठी 15 रुपये अंतरिम, म्हणजे वर्ष संपायच्या आत, आणि बोनसआधीच्या (कंपनीने फुकट जादा शेअर वाटण्याआधीच्या) शेअरवर 16.50 रुपये अंतिम, मिळून 12,600. चार वर्षांची सरासरी काढली तर चित्र छान दिसतं. पण औषधांचं बिल सरासरीने भरता येत नाही. 2022 च्या पावसाळ्यानंतर थेट 2024 च्या फेब्रुवारीपर्यंत त्या घरात या शेअरचं काहीच आलं नसतं.

हे का झालं, ते नीट समजून घ्यायला हवं. 2022 मध्ये रशिया-युक्रेन युद्धाने कच्चं तेल भडकलं. जूनमध्ये भारत ज्या भावाने तेल घेतो त्याची सरासरी बॅरलला 116 डॉलर होती. पंपावरचा भाव मात्र एप्रिल 2022 पासून कंपन्यांनी वाढवला नाही. मुंबईकरांना आठवत असेल, जुलै 2022 मध्ये राज्याने व्हॅट कमी केल्यावर पेट्रोल 106.31 रुपयांवर आलं आणि मार्च 2024 पर्यंत त्याच आकड्यावर राहिलं. महाग घेऊन स्वस्त विकायचं, असा तो व्यवहार होता. एप्रिल ते जून 2022 या तीन महिन्यांत इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांचा मिळून तोटा 18 हजार कोटींच्या वर गेला. त्यातले 10,197 कोटी एकट्या हिंदुस्तान पेट्रोलियमचे. ही कंपनी स्वतः शुद्ध करते त्याहून जास्त इंधन विकते, उरलेलं बाहेरून बाजारभावाने घेते, म्हणून तिला चटका सगळ्यात जास्त बसला.

कागदावर पेट्रोलचे भाव 2010 पासून आणि डिझेलचे 2014 पासून मुक्त आहेत. तरीही ते दोन वर्षं हलले नाहीत. तेव्हा "सरकार मालक आहे" हे वाक्य उलट्या बाजूनेही वाचायला शिका. मालकाला मतदारही सांभाळायचे असतात आणि महागाईही. आपण पंपावर पाच रुपये वाचवतो तेव्हा ते पाच रुपये कुणाच्या तरी ताळेबंदातून गेलेले असतात, आणि शेअर घेतला की तो ताळेबंद आपलाही असतो. मला भाव गोठवण्यात काही वाईट वाटत नाही, रिक्षावाल्याला आणि शेतकऱ्याला त्याचा आधार होता. पण त्याची किंमत भागधारकाने मोजली, हे काकूंना कुणीतरी सांगायला हवं की नको?

यावर भाच्याचं उत्तर तयार होतं: "सरकारचाच नियम आहे ना, नफ्याच्या 30 टक्के डिव्हिडंड द्यायचाच." नियम आहे, खरं आहे. 2016 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सरकारी कंपन्यांनी नफ्याच्या 30 टक्के किंवा नेटवर्थच्या (मालमत्तेतून देणी वजा जाता जे उरतं त्याच्या) 5 टक्के, यातलं जे जास्त असेल ते द्यायचं. नोव्हेंबर 2024 मध्ये ते 5 टक्के 4 वर आणले. पण हिंदुस्तान पेट्रोलियमने शून्य दिला तेव्हाही हा नियम होताच. त्या वर्षी कंपनीचा स्वतंत्र, म्हणजे उपकंपन्या न धरता, तोटा 8,974 कोटींचा होता.

तोटा झाला की सरकार भरपाई देतं, हेही अर्धंच खरं. गॅस सिलिंडरच्या तोट्यापोटी ऑक्टोबर 2022 मध्ये तिन्ही कंपन्यांना मिळून 22,000 कोटी मंजूर झाले, ऑगस्ट 2025 मध्ये 30,000 कोटी. पण दुसरी रक्कम बारा हप्त्यांत द्यायची ठरली. पेट्रोल-डिझेलच्या तोट्याची भरपाई पहिल्या रकमेत नव्हतीच. तेव्हा भरपाई कधी आणि किती, हे गृहीत धरून कुणी किराणा भरू नये.

आणि मालकही कायमचा नसतो. हिंदुस्तान पेट्रोलियममधला सरकारचा 51.11 टक्के हिस्सा जानेवारी 2018 मध्ये तेल काढणाऱ्या ओएनजीसी या सरकारी कंपनीने 36,915 कोटींना घेतला. म्हणजे सरकारची तूट भरायला सरकारच्याच एका कंपनीची तिजोरी रिकामी झाली आणि वर कर्ज काढावं लागलं. ओएनजीसीच्या छोट्या भागधारकाला कुणी विचारलं नाही. भारत पेट्रोलियममधला 52.98 टक्के हिस्सा तर सरकारने विकायलाच काढला होता, मे 2022 मध्ये तो बेत मागे घेतला. ज्यांनी "मालक सरकार" म्हणून शेअर घेतले होते त्यांनी मधली दोन वर्षं काय समजायचं?

"तेल महागलं की चांदीच." तेल कंपन्या एकाच जातीच्या नसतात, आणि या मेसेजमधली सगळ्यात मोठी गल्लत इथे आहे. ओएनजीसी आणि ऑइल इंडिया जमिनीतून, समुद्रातून तेल काढतात. त्यांना महाग तेल मानवायला हवं. इंडियन ऑइल आणि तिच्या दोन बहिणी तेल विकत घेऊन शुद्ध करतात आणि विकतात, त्यांचं काय होतं ते वर पाहिलं. गेल आणि पेट्रोनेट मुख्यतः गॅसची ने-आण आणि साठवण करतात, त्यांचं गणित आणखी वेगळं.

तेल काढणाऱ्यांचीही चांदी पूर्ण होऊ देत नाहीत. 2013-14 मध्ये जगात तेल बॅरलला 100 डॉलरच्या वर होतं. ग्राहकाला स्वस्त इंधन देण्यासाठीच्या अनुदानाचा वाटा म्हणून ओएनजीसीने त्या वर्षी 56,384 कोटी सोडले आणि तिच्या हातात बॅरलमागे सुमारे 41 डॉलर उरले. पुढे ती पद्धत गेली, तर 1 जुलै 2022 ला देशी कच्च्या तेलावर टनाला 23,250 रुपयांचा विंडफॉल टॅक्स, म्हणजे भाव भडकल्याने अचानक झालेल्या नफ्यावरचा कर, आला. त्या एका दिवसात ओएनजीसीचा शेअर तेरा टक्क्यांच्या आसपास घसरला. हा कर डिसेंबर 2024 मध्ये रद्द झाला, पण पुन्हा येणार नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही. स्वस्ताईत तोटा त्यांचा आणि महागाईत नफा वाटून घ्यायचा, असा हा करार आहे. तो मान्य असेल तर शेअर जरूर घ्या, पण करार वाचून घ्या.

"एफडी सात टक्के, हे शेअर आठ-दहा टक्के." हा आकडा अॅपवर दिसतो तो गेल्या बारा महिन्यांचा. इंडियन ऑइलचं उदाहरण घ्या. 2023-24 साठी तिने 12 रुपये दिले. जुलै 2024 मध्ये शेअर 170 रुपयांच्या आसपास असताना अॅप सात टक्के यील्ड, म्हणजे भावाच्या तुलनेत डिव्हिडंड, दाखवत होतं. ते पाहून ज्याने घेतले त्याला 2024-25 साठी मिळाले 3 रुपये, म्हणजे घातलेल्या पैशावर पावणेदोन टक्के. कारण कंपनीचा नफा 39,619 कोटींवरून 12,962 कोटींवर आला होता.

भारत पेट्रोलियमचा आकडा तर याहून फसवा होता. 2020-21 साठी शेअरमागे 79 रुपये! पण त्यातले 35 रुपये एकदाच द्यायचा खास डिव्हिडंड होता, आणि त्याच वर्षी कंपनीने आसाममधल्या नुमालीगढ रिफायनरीतला हिस्सा सुमारे 9,876 कोटींना विकला होता. घरातलं एक शेत विकून आलेले पैसे कुणी वार्षिक उत्पन्न म्हणून धरत नाही. पुढच्या वर्षी 16 रुपये आले आणि त्याच्या पुढच्या वर्षी 4.

म्हणून यील्ड बघायचंच असेल तर सगळ्यात वाईट वर्षाचं बघा. मी काकूंना वहीत दहा ओळी आखून दिल्या, दहा वर्षांचे डिव्हिडंड लिहायला, आणि त्यातल्या सर्वांत लहान आकड्याभोवती गोल करायला सांगितलं. त्या आकड्यावर घर चालत असेल तर पुढचं बोलू. शेजारी आणखी एक गोष्ट लिहायची: कंपनीने हाती घेतलेले मोठे प्रकल्प. हिंदुस्तान पेट्रोलियमच्या राजस्थानातल्या बारमेरच्या रिफायनरीचा खर्च 43,129 कोटींवरून 72,937 कोटींवर गेला. पेट्रोनेटने अनेक वर्षं शेअरमागे 10 रुपयांच्या आसपास दिले, मला ती कंपनी त्यासाठी आवडते. पण दहेजला तिने 20,685 कोटींचा पेट्रोकेमिकल प्रकल्प हाती घेतला आहे. हे पैसे नफ्यातून किंवा कर्जातून येणार, आणि दोन्ही ठिकाणी डिव्हिडंडशी त्यांची ओढाताण होते. नफा-तोटा पत्रकाइतकंच रोख प्रवाहाचं पान बघायचं ते यासाठी. धंद्यातून आलेली रोकड, वजा प्रकल्पांवरचा खर्च. जे उरतं त्याहून डिव्हिडंड जास्त असेल तर तो उसन्या पैशाचा आहे.

"भाव पडला तरी बिघडत नाही." हे ज्याच्या अंगात पुढची वीस वर्षं कमावायची ताकद आहे त्याने म्हणावं. 2014 च्या शिखरापासून मार्च 2020 पर्यंत ओएनजीसीचा शेअर, मधला बोनस धरूनही, तीन-चतुर्थांशाहून जास्त पडला. आणि भाव पडतो तेव्हा डिव्हिडंड शाबूत राहतो असंही नाही, दोघांचं कारण एकच असतं. ओएनजीसीचाच डिव्हिडंड 2018-19 ला 7 रुपये, मग 5, मग 3.60. ती वर्षं काढून जे टिकले त्यांना 2021-22 साठी 10.50 मिळाले आणि नंतर अजून जास्त. हे मी मुद्दाम सांगतो, कारण टिकणाऱ्याला फळ मिळालं हेही खरं आहे. पण काकूंचं वय 71 आहे. गुडघ्याचं ऑपरेशन शेअरचा भाव वर येईपर्यंत थांबत नाही.

महायुद्धाचा मुद्दा सोपा आहे. शेल या परदेशी तेल कंपनीबद्दल ते वाक्य 29 एप्रिल 2020 पर्यंत खरं होतं. दुसऱ्या दिवशी कंपनीने तिमाही डिव्हिडंड 47 सेंटवरून 16 सेंटवर आणला. ब्रिटनच्या बीपीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निम्मा केला, आणि 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या गळतीनंतर काही महिने पूर्ण थांबवला होता. अमेरिकेच्या एक्सॉनने 2020 मध्ये कापला नाही, हे मान्य. त्या वर्षी तिचा तोटा 22.4 अब्ज डॉलर होता आणि कर्ज वाढवून तिने तो दिला.

कराबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, म्हणून एवढंच: एप्रिल 2020 पासून डिव्हिडंड आपल्या उत्पन्नात धरून आपल्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. जुन्या कररचनेत ज्येष्ठांना ठेवींच्या व्याजावर 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते, डिव्हिडंडवर ती मिळत नाही. काकू जुन्या रचनेतच आहेत.

माझा या शेअरना विरोध नाही, माझ्या डिमॅटमध्येही यातल्या दोन कंपन्या आहेत. मला राग आहे तो एफडी आणि डिव्हिडंड एका तराजूत टाकण्याचा. व्याज हे बँकेने पावतीवर लिहून दिलेलं देणं आहे, आणि एका बँकेत मुद्दल-व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे. डिव्हिडंड संचालक मंडळाने ठरवला तर मिळतो. न दिल्याबद्दल दाद मागायला खिडकी नाही.

काकूंनी पावती परत पाकिटात घातली. सहा लाख एकाच बँकेत होते, त्यामुळे मुदत संपली की दोन बँकांत वाटायचे ठरले. बचत खात्यात पडून असलेल्या पैशातून चाळीस हजार त्यांना शेअरमध्ये घालायचे आहेत, पण आधी ती दहा ओळींची वही पूर्ण करणार आहेत. काल जिन्यात भेटल्या तेव्हा सहा ओळी भरल्या होत्या, आणि भाच्यालाही वही दाखवायला रविवारी बोलावलं आहे.